कच्च्या फायलींचे मामा

माझ्या लग्नाचा अल्बम नाही. लग्न झालं, पंगती उठल्या, दोन मुलं झाली, थोरली आता दुसरीत जाते. पण अल्बम नाही. फोटो काढलेच नाहीत म्हणावं तर तसंही नाही. चौदाशेच्या वर फोटो आहेत. ते काढणारे फोटोग्राफर माझ्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यातच बसायचे. मधे एक भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडे माझं लग्न नऊ वर्षं पडून होतं. घरी पाहुणे आले की सासूबाई अजून सांगतात, "आमच्या सूनबाईचं लगीन झाल्याला पुरावा न्हाई." त्या हसत सांगतात, पण सांगतात.

उमापुरात त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. स्टँडसमोरच्या ओळीत एक गाळा त्यांच्या फोटो स्टुडिओचा आणि दुसरा माझा, ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा. म्हणजे त्यांनी फोटो काढायचा आणि मी तो फॉर्मला चिकटवायचा, इतका सोपा शेजार. कुणालाही वाटेल, काय जोडी जमली आहे. मला मात्र त्या शेजारानं लवकर केस पिकवून दिले.

मामांचा स्टुडिओ आतून राखाडी होता. भिंती राखाडी, पडदा राखाडी, बसायचं स्टूल राखाडी, आणि मामांच्या अंगात बारा महिने राखाडी सदरा. रंगीत सदरा घातला की त्याचा रंग समोरच्याच्या गालावर उतरतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी लाल साडी नेसून आत गेले, तर स्टुलावर बसलेल्या आजींना तसंच सोडून ते माझ्याकडे वळले. "तू आधी भाईर हो पोरी. आजी लाल व्हायल्यात." मामींनी हौसेनं आणलेलं देवाचं कॅलेंडर त्यांनी दाराबाहेर टांगलं होतं, कारण देवामागचं निळं आभाळ म्हणे भिंतीवर पडतं. मामी रोज सकाळी रस्त्यात उभं राहून उदबत्ती ओवाळायच्या. "ह्यांच्या पायी देवाला बी उन्हात उभं केलंय मी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या आणि मामांना ते ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ऐकवायच्या.

लग्नाला जाताना मामा कॅमेऱ्याबरोबर पुठ्ठ्याचा एक राखाडी तुकडा न्यायचे. अक्षता पडायच्या आधी तो नवरीच्या तोंडापुढं धरायचा आणि त्याचा फोटो काढायचा. त्यावरून म्हणे सगळे रंग बरोबर लागतात. पण ऐन मुहूर्ताला नवरीच्या तोंडापुढं राखेच्या रंगाचा पुठ्ठा धरला तर वरमाय गप्प बसेल का? एका लग्नात तर नवऱ्याच्या मामानं तो पुठ्ठा हिसकावून चुलाणात घातला. आमच्या मामांनी त्या लग्नाचे पुढचे सगळे फोटो काढले आणि नंतर सहा महिने सांगत राहिले की हे लगीन कायमचं पिवळं राहणार.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. फोटोचे नंबर राहत. कॅमेरा प्रत्येक फोटोला आपोआप नंबर देतो, तोच त्यांच्या दृष्टीनं त्या माणसाचा नंबर. भर स्टँडवर एखाद्याला थांबवून म्हणायचे, "अय चार हजार दोनशे अकरा, तुझा डावा डोळा मिटला व्हता, ये परत." तो बिचारा कोऱ्या चेहऱ्यानं इकडंतिकडं बघायचा. मी फॉर्म भरताना कुणाची जन्मतारीख विचारली की भिंतीपलीकडून नंबर यायचा.

आता कच्ची फाईल म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण सगळ्या वैतागाचं मूळ तिथं आहे. कॅमेऱ्यात फोटो दोन तऱ्हेनं साठवता येतो. एक जेपीजी. ती मोबाइलवर उघडते, कुठल्याही कंप्युटरवर उघडते, व्हॉट्सअॅपवर जाते, फॉर्मला लागते. तिच्यात उजेड किती, रंग कसा, हे कॅमेरा स्वतःच ठरवतो, नको वाटेल ते टाकून देतो आणि तयार फोटो हातावर ठेवतो. दुसरी त्या कॅमेऱ्याच्या कंपनीची स्वतःची फाईल. तिला मामा कच्ची फाईल म्हणत. कॅमेऱ्यानं जे जे पाहिलं ते सगळं तिच्यात असतं, पण तो फोटो नसतो. ती कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, उजेड, सावली, रंग आपल्या हातानं बसवायचे आणि शेवटी तिची जेपीजी करून गिऱ्हाइकाला द्यायची. जगभरचे फोटोग्राफर ही शेवटची पायरी चढतात. मामा त्या पायरीपर्यंत पोचतच नसत.

त्यात त्यांचा कॅमेरा जुना, कुणीतरी वापरून विकलेला. त्याच्याबरोबर आलेली सीडी त्यांच्या एकाच म्हाताऱ्या कंप्युटरवर चालायची. त्यांची फाईल माझ्या कंप्युटरवर टाकली की नुसतं पांढरं पान दिसायचं. दुकान उघडलं तेव्हा मी नवीनच होते. एका पोराचा फोटो मामांनी असाच पेन ड्राइव्हमध्ये दिला. फॉर्मला जेपीजी लागते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी फाईलच्या नावामागची तीन अक्षरं खोडून तिथं जेपीजी लिहिलं आणि आपण काय हुशार म्हणून अपलोड केलं. वेबसाइटनं ती तीनदा परत केली. मामांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "बैलाच्या गळ्यात पाटी घातली म्हणून त्यो ट्रॅक्टर व्हतोय का?" पुढं वर्षभर त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली.

आमची भांडणं रोजची. मी म्हणायची, मामा, कॅमेऱ्यात बटन हाय, जेपीजीचं दाबा, माझा जीव सुटंल. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"जेपीजी म्हंजे भाकरी. कच्ची फाईल म्हंजे ज्वारी. भाकरी झाल्यावर तिची परत ज्वारी व्हती का? करपली तर करपली. ज्वारी हातात ठिवली तर म्या दहा येळा दळीन."

"मामा, लोक भुकेलं येतंय. त्याला भाकरी पायजे. तुमी मूठभर ज्वारी देऊन वाटंला लावताय."

"तुझ्या जेपीजीत उजेडाच्या दोनशे छप्पन पायऱ्या असत्यात. ह्याच्यात सोळा हजार हायेत. सोळा हजार. सावलीत माणूस उभा असला तर तुझ्या जेपीजीत नुसता काळा डाग. ह्याच्यात त्यो माणूस हाय."

"असंल. पर फॉर्मला पन्नास केबीच्या आत फोटो लागतोय. माणूस ओळखू आला की झालं."

"ओळखू येणं म्हंजे दिसणं न्हवं," असं म्हणून ते पुन्हा स्क्रीनकडे तोंड करायचे. त्यांची फाईल पंचवीस एमबीची. पन्नास केबी हा आकडा उच्चारला तरी त्यांच्या चेहऱ्यावर मी कुणाचं तरी नाक कापायला सांगितल्यासारखे भाव यायचे.

एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म होता. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेले, ती आजीजवळ राहून शिकलेली. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाच वाजता वेबसाइट बंद. चारला ती मामांचा पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली आणि मी डोक्याला हात लावला. तिला घेऊन पलीकडे गेले. मामा म्हणाले, "पाच मिन्टं." आधी त्यांनी उजवा गाल घेतला. मग कानाखालची सावली. मग नथनीवर पडलेला उजेड जास्त वाटला, तो खाली घेतला, तर गाल काळवंडला, म्हणून परत गाल. पाचाला दहा मिनिटं कमी असताना मी त्या मुलीला दंडाला धरून बाहेर ओढलं, माझ्या दुकानाच्या चुन्याच्या भिंतीला उभी केली, मोबाइलवर फोटो काढला, कापला, त्रेचाळीस केबी केला आणि फॉर्म पाठवला. साडेपाचला मामा शांतपणे पेन ड्राइव्ह घेऊन दारात आले. "घे. झाला."

त्यांनी तो त्यांच्या स्क्रीनवर दाखवला आणि मला चीड आली, कारण तो फोटो खरंच सुरेख होता. माझ्या मोबाइलमधली मुलगी घाबरलेली आणि चुन्यासारखी पांढरी. मामांच्या फोटोतली मुलगी सावळी, तेजदार, आत्ता काहीतरी बोलेल अशी. तिला ॲडमिशन मिळालं ते माझ्या फोटोवर. जाताना तिनं मागून घेतला तो मामांचा. मी दोन दिवस मामांशी बोलले नाही.

वाढदिवसाच्या फ्लेक्सची गोष्ट तर अजून स्टँडवर निघते. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता घाईत आला. "मामा, सायबांचा परवाचा फोटो द्या, फ्लेक्स लावायचाय. आन जरा गोरं करा."

"गोरं व्हणार न्हाई. आन तयार बी न्हाई. कच्ची फाईल हाय, नेतूस का?"

घाईतल्या माणसाला कच्चं-पक्कं काय कळणार. तो पेन ड्राइव्ह खिशात टाकून गेवराईला गेला. तिथल्या फ्लेक्सवाल्याकडे फाईल उघडेना. नंतर फोटो मागवून टाकू म्हणून त्यानं मधला गोल मोकळा सोडला आणि नंतर तो विसरला. सकाळी स्टँडवर पंधरा फुटी फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांची वीस तोंडं, वर सोनेरी मुकुट, आणि मधे, साहेबांच्या जागी, पांढराशुभ्र गोल. दुपारपर्यंत पोरं त्या गोलाखाली उभी राहून आपले फोटो काढत होती. कार्यकर्ता भांडायला आला तेव्हा मामा आधी स्वतः जाऊन फ्लेक्स बघून आले आणि म्हणाले, "पांढरा लई नीट आलाय. पिवळा न्हाई, निळा न्हाई. छापणारा चांगला हाय." कार्यकर्ता रडायच्या बेतात होता. त्याला माझ्या दुकानात बसवून चहा पाजावा लागला.

अशा माणसाला माझ्या लग्नाचे फोटो काढायला कुणी बोलावलं, असं सासरी मला शंभरदा विचारून झालं आहे. माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. उमापूरपासून तीन कोसांवर आमची वस्ती, आणि बाजारच्या दिवशी आप्पा मामांच्या स्टुडिओत टेकायचे. दोघंही कमी बोलणारे, म्हणून त्यांचं जमायचं. घरी सगळे गेवराईचा व्हिडिओवाला बोलवा म्हणत होते. आप्पा म्हणाले, "ह्यो फोटोत खोटं करत न्हाई," आणि विषय संपला.

त्या लग्नावर मी खूश नव्हते. मला डी.एड. करायचं होतं, आप्पांनी स्थळ पक्कं केलं. आठवडाभर आधी आमचं कडाक्याचं वाजलं. "तुमाला मी जड झाले," असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते चप्पल घालून रानात निघून गेले. लग्न लागलं, जेवणं झाली, चार वाजता पाठवणीची वेळ आली. बायका रडत होत्या, आई मला धरून होती, जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी सगळीकडं पाहिलं. आप्पा नव्हते. कुणीतरी म्हणालं, आचाऱ्याचा हिशेब बघायला गेलेत. लेक घरातून निघाली आणि बापाला आचारी महत्त्वाचा. मी जीपमध्ये बसले ती दात आवळून.

त्यानंतर मी आप्पांशी नीट बोलले नाही. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले, वाढलं की जेवले, विचारलं की हो-नाही म्हटलं. सहा महिन्यांनी मी इथं, सासरच्या गावी, दुकान टाकलं. बाजारच्या दिवशी आप्पा मामांकडे यायचे, तास-तासभर बसायचे. मला भिंतीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकू यायचं. मी कीबोर्ड जोरजोरात वाजवायची. जाताना ते माझ्या दारापाशी थांबून "बरी हाईस का?" विचारायचे. मी मान न उचलता "हाय" म्हणायची. दीड वर्षानं एका सकाळी ते रानात कोसळले आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेले. राग राहिला, आणि ज्याच्यावर धरायचा तो माणूस राहिला नाही. त्या रागाचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मग मी अल्बमच्या मागं लागले. आप्पांचे फोटो आमच्याकडे दोनच, रेशनकार्डावरचा एक आणि मतदानकार्डावरचा एक. लग्नातले तरी हाताशी असावेत असं वाटायचं. मामा दरवेळी प्रगती सांगायचे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "चुडा भरून झालाय." माझी मुलगी चालायला लागली तेव्हा पलीकडे मला हळद लागत होती. चौथ्या वर्षी मुंडावळ्या बांधल्या. पाचव्या वर्षी माझा मुलगा झाला त्या आठवड्यात मामींनी बाळंतविडा आणला आणि निरोप दिला, "अंतरपाट धरलाय म्हणलेत." माझा नवरा हसून हसून खाली बसला. मला हसू आलं नाही.

"झालेत तेवढे तरी द्या मामा," मी म्हणायची.

"अर्धं लगीन देत असत्यात व्हय?"

"मग पाठवणीचे आधी करा. शेवटून सुरू करा."

यावर मात्र ते दरवेळी चष्मा काढून पुसायचे. "पाठवणी शेवटालाच. ते अवघड काम हाय." अवघड काय असणार, चार बायका रडताना आणि एक जीप. मला वाटायचं, हे टाळायचे बहाणे आहेत. मी त्यांना चारचौघांत टोचून बोलले, त्यांच्या दारासमोर उभं राहून बोलले, एकदा तर मामींच्या देखत "तुमाला काम व्हत न्हाई तर कॅमेरा विका" असंही म्हटलं. ते राखाडी स्टुलावर खाली मान घालून बसले होते. मामीच म्हणाल्या, "बाई, रीळ व्हतं तवा हा माणूस आठ दिवसांत लगीन हातात द्यायचा. निगेटिव्ह धुतली, कागदावर छापली, संपलं. ह्या डबड्यात काई संपतच न्हाई." मला ते तेव्हा नवऱ्याची बाजू घेणं वाटलं. पण खरं होतं. कच्ची फाईल कितीही वेळा उघडा, ती मूळची तशीच राहते, आणि पुन्हा पहिल्यापासून करता येतं. कुणी थांब म्हणणारा नसेल तर मामांसारखा माणूस त्यात जन्म काढतो.

शेवटी थांब म्हटलं ते डोळ्यांनी. साखरेनं मामांच्या डोळ्यांच्या पडद्याला धरलं. आधी सावलीतलं दिसेना, मग उजेडातलंही फिकं झालं. मागच्या वर्षी लेक येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे, भिंती जांभळ्या आहेत. जायच्या दिवशी मामींनी तो म्हातारा कंप्युटर हातगाड्यावर घालून माझ्या दुकानात आणून ठेवला. "तुझं लगीन तुझ्यापाशी राहू दे बाई. आमच्यानं झालं न्हाई." मामा रिक्षात बसले होते. माझ्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान हलवली, बस्स.

तो कंप्युटर मी चार महिने झाकून ठेवला. राग होता, दुसरं काय. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तो लावला. चौदाशे फायली, नंबरांच्या रांगा. उघडायचं कुठून आणि काय दाबायचं कळेना, म्हणून झक मारत मामांना फोन केला.

"कंप्युटर लावलास व्हय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हळदीचं राहू दे. सरळ अकराशे बारा उघड."

अकराशे बारा उघडला. पाठवणीचा होता. भर उन्हाची जीप, टपावर लखलखणारं ऊन, पायरीवर मी, खाली मान घातलेली, आईचा हात माझ्या पाठीवर. उजव्या कडेला आमच्या गोठ्याचं दार, आणि त्या दारात नुसता काळोख.

"उजव्या अंगाला दार हाय बघ. शॅडो लिवलेली पट्टी हाय का? ती उजवीकडं सरकव. हळू. लोणी काढायलीस असं समज."

मी सरकवली. आधी उंबऱ्याचा दगड वर आला. मग कडब्याच्या पेंढ्या. मग धोतराचा पांढरा काठ. अजून सरकवली तसे दोन हात दिसले, छातीशी धरलेली, चुरगाळलेली टोपी. आणि वर उघडं डोकं. आप्पांना उघड्या डोक्यानं मी घरातही क्वचित पाहिलं होतं. ते जीपकडं बघत होते. माझ्याकडं. तोंड वाकडं झालं होतं, लहान मूल रडू आवरताना होतं तसं. साऱ्या चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखे दाणे होते, पण ते आप्पा होते.

"दिसले का?" मामांनी विचारलं. "दाणे लई हायेत ना?"

"मामा, हे तुमाला कधी दिसलं?"

"लग्नाच्या चौथ्या रोजी. समद्या फायली एकडाव चाळतो की मी."

"आन मला सांगितलं न्हाई?"

"कच्चं व्हतं पोरी. लई येळा केला. दाणे काढले की चेहरा मेणाचा व्हतोय, चेहरा ठिवला की दाणे. असला कसा दावायचा तुला? आप्पा गेल्यावर तर अजूनच नीट कराया पायजे व्हता."

"आप्पांना तरी दावला व्हता का?"

"त्यांनी इचारलं व्हतं एक डाव. बाजारच्या दिशी. पाठवणीच्या फोटूत मी आलोय का म्हणले. म्या म्हणलं, गोठ्याच्या दारात हायेत तुमी, पर अजून कच्चं हाय. तर म्हणले, बरं झालं. मंग मला काई सांगाया नको. ती बघंल."

त्या भिंतीच्या अलीकडं मी तेव्हा बसलेली होते. कीबोर्ड वाजवत.

"मामा," मी म्हटलं, "मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ते आले न्हाईत म्हणून. ते जाईस्तोवर बोलले न्हाई."

ते म्हणाले, "मला ठावं न्हवतं." मग घसा खाकरून म्हणाले, "पट्टी जरा माघारी घे. दाणे कमी व्हतील. दोन बोटं."

मी फोन ठेवला. रागानं ठेवला की रडू आलं म्हणून, ते सांगता येत नाही. मामांवर किती रागावायचं याचा माझा अंदाज त्या दिवशी चुकला, आणि ते खोटं बोलले नव्हते याचाही राग आला. सावलीतला माणूस त्या फायलीत खरोखर होता. माझ्या जेपीजीत तो काळा डागच राहिला असता. सगळं खरं होतं, आणि ते पाच मिनिटांचं काम होतं.

पट्टी मी माघारी घेतली नाही. दाण्यांसकट त्याची जेपीजी केली आणि ती माझ्या कंप्युटरवर आणली. मग सवयीनं हात जे करतात तेच केलं. गोठ्याचं दार तेवढं कापलं, साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर, आणि दाबत दाबत पन्नास केबीच्या आत आणलं. अठ्ठेचाळीस झाले. फॉर्मचे फोटो छापते त्याच कागदावर छापलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवलं.

रोज शंभर माणसं त्या काचेवर हात ठेवून उभी राहतात, कुणाचं लक्ष जात नाही. फोटो अगदीच वाईट आहे. टोपीची घडी कळत नाही, हात भुरकट झालेत, डोळ्यांतलं पाणी तर त्या केबीत बसणारच नव्हतं. पण आप्पा ओळखू येतात. तेव्हा मला तेवढंच पुरलं असतं.